आंबील आंबवतं कोण? लुई पाश्चर, बिअर आणि आपलं स्वयंपाकघर

लातूर-नांदेडकडे वेळ अमावस्या जवळ आली की घरोघरी ज्वारीचं पीठ ताकात आंबवायला ठेवतात. मग त्याची आंबील शिजते आणि भज्जी-उंड्यांसोबत शेतात जाते. पण हे पीठ आंबवतं कोण? आंबील पिढ्यान् पिढ्या होत आली, तरी या प्रश्नाचं उत्तर 1857 साली फ्रान्समध्ये मिळालं. ते शोधणारे होते लुई पाश्चर. घरी बिअर घालून ब्रेड किंवा भजी करणाऱ्यांनाही त्यांची गोष्ट उपयोगाची आहे.

पाश्चर यांचा जन्म 27 डिसेंबर 1822 रोजी पूर्व फ्रान्समधल्या डोल गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करत. मुलगा मात्र रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि 1854 मध्ये लिल शहरात रुजू झाला. तिथे बीटापासून दारू गाळणारा एक कारखानदार तक्रार घेऊन आला. त्याच्या काही पिंपांतला माल आंबट होऊन वाया जात होता. सूक्ष्मदर्शकाखाली चांगल्या मालात यीस्टच्या गोलसर पेशी दिसल्या, तर बिघडलेल्या मालात वेगळेच बारीक जीव.

तेव्हाचे नामांकित रसायनशास्त्रज्ञ आंबण्याला निव्वळ रासायनिक क्रिया मानत. पाश्चर यांनी दाखवून दिलं की हे जिवंत सूक्ष्मजीवांचं काम आहे. दूध-ताक आंबट करणारे जीव वेगळे आणि दारू तयार करणारं यीस्ट वेगळं. आंबिलीचा आंबटपणा पहिल्या गटाची करामत.

या यशाच्या काळात घरी मात्र दुःख होतं. 1859 ते 1866 दरम्यान त्यांच्या तीन मुली दगावल्या. 1868 मध्ये पक्षाघाताने त्यांची डावी बाजू लुळी पडली. 1870 च्या युद्धात जर्मनांनी फ्रान्सला हरवलं. संतापलेल्या पाश्चर यांनी बॉन विद्यापीठाची मानद पदवी परत केली आणि जर्मन बिअरला तोडीस तोड फ्रेंच बिअर बनवायचं ठरवलं. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला बिअरची फारशी आवड नव्हती.

1871 मध्ये ते लंडनच्या व्हिटब्रेड कारखान्यात गेले. यीस्टमध्ये घुसलेले नको असलेले जीव त्यांनी तिथल्या लोकांना दाखवले. लवकरच कारखान्याने स्वतःचा सूक्ष्मदर्शक घेतला. 1876 मध्ये पाश्चर यांचा बिअरवरचा ग्रंथ आला. वाइन टिकवण्यासाठी त्यांनी शोधलेली, न उकळता बेताने तापवण्याची पद्धत बिअरलाही लागू पडली. तिलाच आज पाश्चरायझेशन म्हणतात.

याचा स्वयंपाकाशी संबंध काय? पूर्वी युरोपातले बेकरीवाले बिअरवरचा जिवंत यीस्टचा फेस आणून पाव फुगवत. आजची बाटलीबंद बिअर बहुधा पाश्चराइज केलेली असते, म्हणजे तिच्यातलं यीस्ट मेलेलं असतं. म्हणूनच नुसत्या बिअरवर विसंबून ब्रेड नीट फुगत नाही. पिठात बेकिंग पावडर किंवा वेगळं यीस्ट घालावं लागतं. भज्यांच्या पिठात मात्र बिअरमधला वायू कामी येतो. त्याच्या बुडबुड्यांनी भजी हलकी होतात.

पुढे 1885 मध्ये पाश्चर यांनी रेबीजची लस माणसाला दिली आणि ते जगभर पोहोचले. 28 सप्टेंबर 1895 रोजी त्यांचं निधन झालं. दुधाच्या पिशवीवर त्यांचं नाव आजही दिसतं. आंबिलीच्या भांड्यावर ते नसतं, पण आत काय चाललंय हे समजलं ते त्यांच्यामुळेच.