सर जेम्स आउटराम आणि खानदेशचे भिल्ल

दोनशें वर्षांपूर्वीं एखादा लष्करी अधिकारी सरहद्दीवर निघाला, म्हणजे त्याच्या सामानांत लांकडाची एक चपटी पेटी बहुधा असे. आंत बनातीचे कप्पे. एकांत बंदुकीच्या नळ्या, दुसऱ्यांत दस्ता, बाजूस दारूची कुपी, छर्ऱ्यांची पिशवी व नळी साफ करण्याचा गज. अशी पेटी पदार्थसंग्रहालयांत पाहतांना आपली नजर तिच्या नक्षीवरच खिळते. जिच्या मालकाला ही बंदूक खालीं ठेवणेंही कळत होतें, अशी पेटी विरळाच. सर जेम्स आउटराम हे तसे एक मालक होते.

त्यांचा जन्म २९ जानेवारी १८०३ रोजीं इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांत झाला. वडील बेंजामिन हे कालव्यांचे, तसेच घोड्यांनीं ओढावयाच्या गाड्यांसाठीं लोखंडी रूळ घालणारे इंजिनियर होते. (आमच्या गांवाच्या नांवांतच रेल्वे असल्यामुळें हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं!) १८०५ सालीं वडील वारले आणि मातोश्रींनीं ओढगस्तींतच मुलांना वाढविलें. १८१९ सालीं, सोळाव्या वर्षीं, जेम्स मुंबईच्या सैन्यांत दाखल झाले. अंगानें ते ठेंगणे व किरकोळ होते.

सिंदीहून भुसावळमार्गें जळगांव गांठलें व तेथून सुरतेच्या फाट्यानें निघालें, कीं धरणगांव लागतें. आउटरामांचें खरें चरित्र येथें सुरू होतें. १८१८ सालीं खानदेश कंपनीच्या ताब्यांत आला. तेथील भिल्ल पूर्वीं गांवोगांवचे जागले. पुढें धामधुमींत त्यांचे हक्क बुडाले, छळ झाला व ते डोंगर धरून लुटालूट करूं लागले. त्यांचीच पलटण उभारावी, असें मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनीं ठरविलें आणि १८२५ सालीं तें काम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटाकडे आलें. त्यांनीं आरंभ केला तो डोंगरांतील ठाण्यांवर छापा घालून, हें झांकून ठेवण्याजोगें नाहीं. परंतु नंतर त्यांनीं पकडलेल्यांकरवींच इतरांशीं बोलणें लाविलें, आणि हत्यार व पहारा न घेतां ते त्यांच्या झोंपड्यांत जाऊं लागले.

मन जिंकलें तें शिकारीनें. त्याच वर्षींची गोष्ट. चिमा नांवाच्या शिकाऱ्यानें टेकडीवरील निवडुंगांत वाघ असल्याची खबर आणली. सोबत्याची गोळी चुकली. वाघानें आउटरामांवर झेंप घातली आणि दोघेही उतारावरून गडगडत खालीं आले. क्षणभर पकड सुटतांच त्यांनीं कमरेचें पिस्तूल काढून वाघास ठार केलें. जखमा पाहून भिल्ल हळहळूं लागले, तेव्हां मांजराच्या ओरबाडण्याची आपणांस क्षिति नाहीं, असें ते हंसून म्हणाले. हे उद्गार भिल्लांत कित्येक वर्षें घोळत होते. वाघ मारण्याचा तो सोस आज आपणांस रुचणार नाहीं. पण ज्यांना सरकार श्वापदांप्रमाणें टिपीत होतें, त्यांच्या खांद्याला खांदा लावून हा माणूस उभा राहिला, हें त्यांनीं ओळखलें. पलटण वाढली, आणि १८३५ पर्यंत आउटराम खानदेशांत राहिले.

पुढें अफगाण स्वारी, गुजराथ, बडोदें, इराण असा त्यांचा संचार झाला. तो येथें विस्तारानें देत नाहीं. सिंधविषयीं मात्र थांबलें पाहिजे. १८४३ सालीं नेपियर यांनीं अमिरांचें राज्य घेतलें. हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला तेव्हां आउटराम स्वतः तिच्या बचावासाठीं लढले होते, तरीही हें राज्य घेणें अन्यायाचें आहे असें त्यांचें मत होतें. लुटीचा सुमारें ३,००० पौंडांचा वांटा त्यांनीं स्वतःसाठीं ठेवला नाहीं, धर्मादाय वांटून टाकला. त्यांतील कांहीं रक्कम डॉ. अलेक्झांडर डफ यांच्या मिशनकडे जाऊन हुगळीकांठीं बांसबेडिया येथील शाळेच्या कामीं लागली.

१८५७ सालीं लखनौच्या मोहिमेंत दर्जा आउटरामांचा वरचा होता. तथापि श्रेय हॅवलॉक यांस मिळावें म्हणून सेनापतित्व त्यांच्याकडे ठेवून ते स्वयंसेवक घोडेस्वारांत सामील झाले. मंगलवारच्या चकमकींत त्यांच्या हातीं तरवार नव्हती, एक जाड वेताची काठी तेवढी होती. पुढच्याच वर्षीं अयोध्येच्या जमीनदारांच्या जमिनी जप्त करण्याचा जाहीरनामा निघाला, तेव्हां तो फार कठोर असल्याचें त्यांनीं गव्हर्नर जनरलास कळविलें.

११ मार्च १८६३ रोजीं फ्रान्समधील पो येथें ते वारले. वेस्टमिन्स्टर ॲबेंत त्यांस पुरलें. खानदेशांत त्यांचें स्मारक निराळ्या रीतीनें झालें होतें: पलटणींतील कांहीं जुन्या शिपायांना एक ओबडधोबड मूर्ति सांपडली, तींत त्यांना आपल्या सरदाराचा चेहरा दिसला आणि त्यांनीं ती आउटराम साहेब म्हणून मांडून पूजिली.