टाकळीचे शंख आणि हिस्लॉप

बीडजवळच्या कपिलधारेला मन्मथस्वामींच्या समाधीचे दर्शन घेऊन धबधब्याकडे वळणाऱ्या यात्रेकरूच्या पायाखाली असतो तो बालाघाटाचा काळा कातळ. लाव्हारसाचे पूर एकामागून एक थिजून तो झाला. दोन पुरांच्या मधल्या निवांत काळात दख्खनमध्ये ठिकठिकाणी तळी साचली, त्यांच्या गाळात गोड्या पाण्यातील शंख पुरले गेले. त्या गाळाचे वय किती, या प्रश्नाचा ज्याने नेटाने पाठपुरावा केला, तो पेशाने पाद्री होता.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म 1817 चा, स्कॉटलंडमधील डन्स गावचा. 1845 मध्ये ते नागपुरात आले आणि त्यांनी शाळा काढली. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय आजही त्यांचे नाव सांगते. तेथे शिकलेल्या किती जणांना टाकळीचे शंख ठाऊक असतील, याची मला शंका आहे. नागपूरलगतच्या या टाकळीत, सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासमवेत हिंडताना, त्यांना डाव्या वेटोळ्याचा 'फायसा' आणि त्याचे सोबती सापडले.

थरांतील शंखांपैकी किती जाती अद्याप जिवंत आहेत, त्या प्रमाणावरून इओसीन, मायोसीन, प्लायोसीन अशी तृतीय कल्पाची विभागणी लायेल यांनी 1833 मध्ये केली होती. टाकळीचे शंख मात्र सारे नामशेष जातींचे. तेथे शेकडेवारी चालेना. हिस्लॉप यांनी राजमहेंद्रीच्या व युरोपातील शंखांशी त्यांची तुलना केली आणि 1860 च्या निबंधात ते आरंभीच्या इओसीनचे ठरविले.

हा निर्णय चुकला होता. बिरबल साहनींसारख्या विद्वानानेही पुढे वनस्पतींच्या अवशेषांवरून इओसीनचाच पक्ष घेतला. 1980 च्या दशकात किरणोत्सारी कालमापनाने दख्खनचा लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे इओसीनच्या प्रारंभापेक्षा सुमारे 1 कोटी वर्षांनी जुना ठरला. त्याच दशकात नागपूरच्या अशा थरांतून डायनोसॉरच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडेही निघाले. गोड्या पाण्यातील शंख एकेका तळ्यापुरते. दूरदेशीच्या थरांशी त्यांचा मेळ घालणे मुळातच धोक्याचे.

तरीही हिस्लॉप यांचे श्रम वाया गेले असे मी मानत नाही. निर्देशांकाचे पायाभूत वर्ष चुकले, तरी काळजीपूर्वक टिपलेले बाजारभाव निकामी होत नाहीत. कोणता शंख कोणत्या थरातला, हे त्यांनी टिपून ठेवले होते. म्हणूनच नंतरच्यांना पुन्हा त्याच थरांकडे वळता आले.

4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना, बोरीजवळ पुराच्या ओढ्यात ते बुडाले. गोंडांविषयीची त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापली.