विश्लेषण : दोह्यांचा रहीम वऱ्हाडात काय करत होता?

हिंदीच्या पाठ्यपुस्तकात रहीमचे दोहे वाचले नाहीत, असा विद्यार्थी वाशिम जिल्ह्यातील आसेगावातही सापडणे कठीण आणि मुंबईतही. मात्र हा कवी मुघलांचा सरसेनापती होता आणि त्याच्या उत्तरायुष्यातील मोठा काळ वऱ्हाड, जालना, अहमदनगर आणि बुऱ्हाणपूर या टापूत गेला, हे अनेकांना ठाऊक नसते. वऱ्हाड मुघल साम्राज्यात गेले त्या घडामोडींच्या केंद्रस्थानी तो होता. अब्दुल रहीम खानखाना नेमका कोण होता आणि त्याचा आपल्या भागाशी संबंध कसा आला, याचा हा आढावा.

रहीम मूळचा कुठला?

रहीमचा जन्म १७ डिसेंबर १५५६ रोजी लाहोरमध्ये झाला. त्याचे वडील बैराम खान यांचे घराणे मध्य आशियाशी नाते सांगणाऱ्या तुर्कमान टोळीतले, तर आई मेवातच्या जमाल खानाची मुलगी. म्हणजे वडिलांकडून तुर्की आणि आईकडून इथल्याच मातीतला वारसा. बैराम खान हा हुमायूनचा विश्वासू सरदार. अकबर तेराव्या वर्षी गादीवर आला, तेव्हा राज्याचा कारभार त्याच्याच हाती होता.

पुढे अकबराशी बिनसल्यावर बैराम खान हजला निघाला. वाटेत गुजरातमधील पाटण येथे जानेवारी १५६१ मध्ये एका अफगाण सरदाराने जुन्या वैरातून त्याचा खून केला. रहीम तेव्हा चार वर्षांचा होता. अकबराने त्याला दरबारात आणून वाढवले. बैराम खानाची विधवा आणि बाबराची नात सलीमा सुलतान बेगम हिच्याशी अकबराने विवाह केला. त्यामुळे रहीमची सावत्र आई बादशहाची बेगम झाली. ज्याच्याशी वडिलांचे बिनसले, त्याच्याच छत्राखाली मुलगा मोठा झाला.

‘खानखाना’ हा किताब कसा मिळाला?

गुजरातचा पदच्युत सुलतान मुजफ्फरशहा याने बंड केले, तेव्हा रहीमने जानेवारी १५८४ मध्ये अहमदाबादजवळ सरखेज येथे त्याचा पराभव केला. रहीमकडे फौज कमी होती. या विजयानंतर त्याला ‘खानखाना’ म्हणजे खानांचा खान हा किताब मिळाला. हाच किताब पूर्वी वडिलांकडे होता. पुढे १५९० नंतर त्याने सिंधमधील ठठ्ठा मुघल राज्याला जोडले.

‘बाबरनामा’शी त्याचा संबंध काय?

मुघल साम्राज्याचा संस्थापक बाबर आजच्या उझबेकिस्तानातील फरगणा खोऱ्यात जन्मला. त्याने आपल्या आठवणी चगताई तुर्कीत लिहिल्या. नातू अकबराच्या काळापर्यंत दरबाराची भाषा फारसी झाली होती आणि आजोबांचे तुर्की पुस्तक वाचणारे कमी उरले होते. रहीमला तुर्की आणि फारसी दोन्ही उत्तम येत होत्या. त्याने केलेला फारसी अनुवाद १५८९ मध्ये अकबराला सादर झाला. १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेला पहिला इंग्रजी अनुवादही मुख्यतः याच फारसी प्रतीवर बेतलेला होता. मध्य आशियातले हे पुस्तक जगभर पोहोचले, त्यात रहीमचा वाटा मोठा आहे.

त्याच वेळी तो ब्रज आणि अवधीत कविता करत होता, संस्कृतही जाणत होता. त्याच्या पदरी असलेल्या चित्रकारांनी रामायणाची सचित्र फारसी प्रत तयार केली. ती आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे.

वऱ्हाड मुघलांकडे कसे गेले?

वऱ्हाड १५७४ पासून अहमदनगरच्या निजामशाहीत होते. १५९५ च्या अखेरीस शहजादा मुराद आणि रहीम यांनी अहमदनगरला वेढा घातला. चांदबिबीने किल्ला शर्थीने लढवला. त्यातच मुराद आणि रहीम यांचे आपसात पटत नव्हते. अखेर १५९६ मध्ये तह झाला. किल्ला वाचला, पण वऱ्हाड मुघलांना द्यावे लागले. मुरादने अकोला जिल्ह्यातील बाळापूरजवळ शहापूर वसवून तिथे मुक्काम ठोकला.

तह टिकला नाही. फेब्रुवारी १५९७ मध्ये गोदावरीच्या खोऱ्यात आष्टीजवळ विजापूरचा सेनापती सुहेल खान याच्या नेतृत्वाखालील दख्खनी फौजांशी रहीमची लढाई झाली. ती जिंकली, पण मुघलांच्या बाजूने लढणारा खानदेशचा राजा अली खान त्यात मारला गेला.

‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी आहे. सरकार म्हणजे ढोबळमानाने आजचा जिल्हा. त्यात गाविल, नरनाळा, मेहकर, माहूर यांच्यासोबत ‘बासिम’ म्हणजे वाशिमही आहे. या भागाची महसुली नोंद अशी मुघल दप्तरात गेली.

मग दख्खनमध्ये काय बिनसले?

मुराद १५९९ मध्ये वारला. १६०० मध्ये चांदबिबीचा तिच्याच लोकांनी खून केला आणि शहजादा दानियाल व रहीम यांनी अहमदनगर घेतले. दानियाल हा रहीमचा जावई. तोही १६०५ मध्ये दारूच्या व्यसनापायी गेला. त्याच वर्षी अकबराचाही मृत्यू झाला.

दरम्यान, निजामशाहीची सूत्रे मलिक अंबर या हबशी सरदाराने हाती घेतली होती. समोरासमोर लढण्याऐवजी रसद तोडणे आणि पिछाडीवर छापे घालणे ही त्याची पद्धत होती. मुघलांची अवजड फौज त्यापुढे हतबल ठरली. १६१० मध्ये अहमदनगर पुन्हा हातचे गेले. त्याचे खापर रहीमवर फुटले आणि त्याला परत बोलावण्यात आले. दोन वर्षांनी दुसरा उपाय न उरल्याने जहांगीरने त्यालाच पुन्हा दख्खनला पाठवले.

रहीमचा मुलगा शाहनवाज खान याचा तळ बाळापूरला होता. मलिक अंबरवर नाराज झालेले काही सरदार तिथे त्याला येऊन मिळाले. त्यात सिंदखेडचे लखुजी जाधव, म्हणजे जिजाबाईंचे वडील होते. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगाव येथे मलिक अंबरचा पराभव झाला आणि त्याचे खडकी शहर लुटले गेले. हेच पुढचे औरंगाबाद.

दोहे लिहिणारा रहीम आणि ही युद्धे लादणारा रहीम एकच, हे विसरता येत नाही. दानशूर म्हणून त्याची ख्याती होती, तरी येथील गावांसाठी तो चाल करून आलेल्या फौजेचा सेनापती होता.

शेवट कसा झाला?

शाहनवाज खान १६१९ मध्ये ऐन तारुण्यात वारला. १६२२ नंतर शहाजहानने जहांगीरविरुद्ध बंड केले, तेव्हा रहीम आधी शहाजहानच्या बाजूने गेला. नंतर त्याची निष्ठा डळमळली आणि दोन्हीकडचा विश्वास गेला. १६२५ मध्ये त्याचा मुलगा दाराब खान याचा शिरच्छेद करून ते शिर सत्तरीकडे झुकलेल्या बापाकडे पाठवण्यात आले. पुढे जहांगीरने माफ करून किताब परत दिला. पण १६२७ मध्ये दिल्लीत त्याचा मृत्यू झाला. पत्नी माहबानू हिच्यासाठी त्याने बांधलेल्या मकबऱ्यातच त्याला दफन करण्यात आले.

आज काय पाहता येते?

दिल्लीत निजामुद्दीन भागातील त्याच्या मकबऱ्याचा संगमरवर अठराव्या शतकात सफदरजंगच्या मकबऱ्यासाठी काढून नेला गेला. अनेक वर्षांच्या दुरुस्तीनंतर ही वास्तू डिसेंबर २०२० मध्ये खुली झाली.

त्याची आणखी जिवंत खूण आपल्या शेजारी बुऱ्हाणपूरला आहे. तेथील कुंडी भंडारा ही जलव्यवस्था १६१५ च्या सुमारास त्याच्या कारभारात उभी राहिली. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने, एकमेकांना जोडलेल्या विहिरींमधून, केवळ उतारावर शहरात आणले जाते. हे तंत्र इराणमधून आले. औरंगाबादला मलिक अंबरने बांधलेली नहर याच जातीची. आयुष्यभर एकमेकांशी लढलेल्या या दोघांनी आपापल्या शहरांना पाणी मात्र एकाच पद्धतीने पुरवले.

रहीमचे दोहे पाठ्यपुस्तकात आहेतच. पुढच्या वेळी ते वाचताना बाळापूर, आष्टी आणि बुऱ्हाणपूर ही गावे नकाशावर शोधली, तर हा कवी वऱ्हाडच्याही इतिहासातला वाटेल.