गिअरच्या आधीचा सायकलवाला : लक्ष्मणराव किर्लोस्कर

गेल्या महिन्यात मी सायकलचा मागचा गिअर सेट पूर्ण उघडला. व्हिडिओ बघून. चक्रं रॉकेलमध्ये बुडवली, टूथब्रशने घासली, पुन्हा जोडली. चकाचक! दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात पेडलवर जोर दिला आणि चेन कडकड करत उड्या मारायला लागली. साफ करण्याआधी सायकल बरी चालत होती, हे सगळ्यात जास्त झोंबलं.

आठवड्याने मला साताऱ्याहून औंधमार्गे किर्लोस्करवाडीला जायचं होतं. का, तर लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल लिहायचं होतं. पंप आणि नांगरवाले किर्लोस्कर आपल्याला माहीत असतात. पण त्यांची सुरुवात सायकलपासून झाली, हे मलाही उशिरा कळलं.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना. चित्रं काढायला आणि यंत्रं बघायला आवडायचं. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जाता आलं. आणि तिथे कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या पोराला रंगच दिसू नयेत! त्यांनी रंग सोडले, रेषा धरली. यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवायला लागले.

मुंबईत त्यांना सायकल भेटली. तेव्हा ती किती नवी वस्तू होती बघा. दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली रोव्हर सायकल इंग्लंडमध्ये आली १८८५ ला. डनलॉपचा हवेचा टायर १८८८ चा. आणि त्याच १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान सुरू झालं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा बेळगावात विकायचे आणि चालवायला शिकवायचेही. शिकवणीची फी १५ रुपये. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती.

त्या सायकलींना गिअर नव्हते बरं का. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारं डिरेल्युअर नंतरचं. टूर द फ्रान्समध्ये तर त्याला परवानगीच १९३७ ला मिळाली. तेव्हा माझ्या बिघाडावर लक्ष्मणरावांकडून थेट उत्तर मिळणार नव्हतं.

मी काय केलं, तर आधी केबलवर संशय घेतला. डिरेल्युअरपाशी केबल जिथे शिरते तिथे हाताने फिरवायचा छोटा गोल स्क्रू असतो, बॅरल अ‍ॅडजस्टर. तो उलट्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांविरुद्ध, फिरवला की केबल ताणली जाते. मी फिरवला, दुसरा गिअर सुधारला, पाचवा बिघडला. पाचवा सुधारला तर दुसरा गेला. अर्धा तास हाच खेळ! खरी खूण इथेच होती, पण मला दिसली नाही. सगळे गिअर सारखेच चुकत असतील तर दोष बहुतेक केबलचा. काही बरोबर आणि काही चूक, आणि एक सुधारताना दुसरा बिघडतोय, तर चक्रांमधलं अंतर तपासा.

रात्री रॉकेलची वाटी ओतून टाकायला गेलो तर तळाशी एक काळी, पातळ रिंग. स्पेसर! माझ्या कॅसेटमध्ये लहान चक्रं सुटी निघतात आणि त्यांच्यामध्ये अशा रिंगा असतात. एक राहून गेली की त्या जागेपासून अंतर चुकतं. शिवाय लॉकरिंग पूर्ण आवळूनही चक्रं किंचित हलत राहतात. माझीही हलत होती, पण मी हात लावून बघितलंच नव्हतं. म्हणून सांगतो, उघडताना प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो काढा.

आता पुन्हा बेळगावला. मुंबईच्या नोकरीत लक्ष्मणरावांची हक्काची बढती डावलली गेली, एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. त्यांनी नोकरी सोडली आणि भावाच्या दुकानात आले. सायकली विकता विकता आणि दुरुस्त करता करता त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं, मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. आता गंमत बघा, नांगर कोणी घेईना. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं लागली असं सांगतात. तयार माल समोर पडलेला आणि दोन वर्षं वाट बघायची! आपण ॲपला दोन दिवसांत रिव्ह्यू आला नाही तर अस्वस्थ होतो.

जम बसतोय तोवर बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितलं. कारखाना न्यायचा कुठे? लक्ष्मणरावांना औंधात सभामंडप बांधायचं काम मिळालं होतं आणि राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींशी स्नेह होता. औंध आज सातारा जिल्ह्यात, पण संस्थानचे तुकडे दूरवर विखुरलेले. त्यातला एक कुंडलचा, आजच्या सांगली जिल्ह्यातला. राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपये कर्ज. जमीन कसली, निवडुंग आणि सापांचं माळरान. १९१० मध्ये तिथे कारखाना आणि वसाहत उभी राहायला लागली. जवळच्या माणसांपैकी शंभूराव जांभेकरांसारख्यांकडे यंत्राची जाण होती. शिक्षा भोगून आलेल्यांना राखणदार नेमलं आणि वसाहतीत शिवाशीव चालू दिली नाही. मला नांगरापेक्षा हे जास्त धाडसाचं वाटतं.

स्पेसर बसवून निघालो, तरी औंधच्या अलीकडे चेन वरच्या चक्रावर चढायला कुरकुरली. कॅसेट पुन्हा बसवल्यावर केबल नव्याने जुळवावीच लागते. सगळ्यात लहान चक्रावर चेन आणली, एक क्लिक दिली, चढली नाही. अ‍ॅडजस्टर पाव फेरा उलटा, पुन्हा क्लिक. तिसऱ्या पाव फेऱ्याला चढली. चेन एकदम दोन चक्रं ओलांडत असेल तर पाव पाव फेरा सुलटा. एच आणि एल लिहिलेल्या स्क्रूंना मात्र उगाच हात लावू नका. ते दोन्ही टोकांची हद्द ठरवतात. एल जास्त सैल झाला तर डिरेल्युअर स्पोकमध्ये घुसतं आणि मग सायकल टेम्पोत घालून घरी.

दुपारनंतर किर्लोस्करवाडीला पोचलो. कुंडल रोडचं नाव बदलून आता स्टेशनही किर्लोस्करवाडी आहे. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत इथला कारखाना पेटवला गेला, तेव्हा लक्ष्मणराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. रंग गेले, बढती गेली, बेळगावची जागा गेली आणि मग हे. कारखाना पुन्हा उभा राहिला, आणि त्यांनी तो चालताना बघितला. २६ सप्टेंबर १९५६ ला ते गेले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

स्टेशनबाहेर चहा घेतला. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून मागचं चाक उचलून सगळे गिअर एकदा फिरवून बघितले. चौथ्यावर अजून किंचित टकटक होती. पाव फेरा.