काळाराम मंदिराच्या दारापासून गायरानापर्यंत : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

आमच्या स्मरणिकेत परमपूज्य बाबासाहेबांविषयी दरवर्षी लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु बाबासाहेबांनी ज्यांच्या खांद्यावर विश्वासाने भार टाकला, त्या माणसांची ओळख आमच्या मुलांना जयंतीच्या फलकावरील नावापलीकडे क्वचितच असते. कर्मवीर दादासाहेब गायकवाड हे त्यांपैकी एक नाव. नाशिकला त्यांच्या नावाचे सभागृह आहे, शासनाची जमीनवाटपाची योजना त्यांच्या नावाने चालते. तरीही त्यांनी नेमके काय केले असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर काळाराम मंदिराच्या सत्याग्रहापाशी येऊन थांबते. आमच्या मते ती त्यांच्या जीवनकार्याची केवळ सुरुवात होती.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात, आंबे या गावी झाला. त्या काळी महार कुटुंबाच्या वाट्याला वतन येत असे. वतन म्हणजे गावकीची पिढीजात कामे : वेसकरी, निरोप पोचवणे, सरकारी अंमलदारांच्या मागे धावणे, मेलेली जनावरे ओढणे. त्याच्या मोबदल्यात बलुते आणि हाडकी-हाडोळ्याचा जमिनीचा तुकडा. तो तुकडा भावाभावांत वाटून वाटून इतका लहान झालेला असे की त्यावर पोट भरत नसे. पण त्याच्यापायी गावाची वेठ मात्र सुटत नसे. जमीन माणसाला स्वतंत्रही करते आणि बांधूनही ठेवते, हे भाऊरावांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढच्या त्यांच्या साऱ्या राजकारणाची मुळे आम्हाला या तुकड्यात दिसतात.

महाडच्या सत्याग्रहाच्या काळात ते बाबासाहेबांच्या चळवळीत ओढले गेले. नाशिकला अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची व्यवस्थाही त्यांनी सांभाळली. खेड्यातून आलेल्या मुलाला दोन वेळचे अन्न, अंथरूण आणि दिव्याचा उजेड मिळवून देणे हे किती कष्टाचे काम असते, हे आमच्या वाचकांना निराळे सांगायला नको.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. हजारोंची मिरवणूक मंदिराकडे निघाली. दरवाजे बंद करण्यात आले होते, म्हणून ती गोदावरीच्या घाटाकडे वळली. दुसऱ्या दिवसापासून स्त्री-पुरुष सत्याग्रहींच्या तुकड्या मंदिराच्या चारही दारांवर बसू लागल्या. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथाच्या वेळी, दोन्ही बाजूंनी रथ ओढावा अशी तडजोड झालेली असतानाही, सत्याग्रहींना डावलून रथ पळवण्यात आला आणि त्यांच्यावर दगडांचा वर्षाव झाला. सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव गायकवाड होते.

बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, परत आले, पुणे करार झाला, देशभर मंदिरप्रवेशाची चर्चा उठली आणि विरली. नाशिकचा सत्याग्रह मात्र चालूच होता. तो चालवायचा म्हणजे काय करायचे? गावोगाव हिंडून तुकड्या जमवायच्या, त्यांच्या भाकरीची सोय करायची, तुरुंगात गेलेल्यांच्या घराकडे पाहायचे, आणि बहिष्काराने कोंडी झालेल्या वस्त्यांना धीर द्यायचा. भाऊराव स्वतःही तुरुंगात गेले. या काळात आणि पुढेही बाबासाहेबांनी त्यांना असंख्य पत्रे लिहिली, ती आज ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत. ती वाचताना जाणवते की बाबासाहेब त्यांना केवळ आज्ञा करत नव्हते. ते आपली चिंता, पैशाची ओढाताण आणि मनातले बेत त्यांना सांगत होते. इतक्या मोकळेपणाने त्यांनी फार थोड्यांना लिहिले.

मार्च १९३४ मधल्या एका पत्रात बाबासाहेबांनी कळवले की मंदिरात गेल्याने आपला प्रश्न सुटेल असे त्यांना कधीच वाटले नव्हते. समाज जागा व्हावा म्हणून तो मार्ग घेतला होता, आणि आता शक्ती राजकारण व शिक्षणाकडे वळवावी. चार वर्षे ज्या दारापाशी मार खाल्ला, ते दार सोडून द्यायचे! एखाद्या हट्टी कार्यकर्त्याला हे मानवले नसते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, तेव्हा नाशिकचा सत्याग्रह थांबला आणि भाऊराव मागे वळून न पाहता नव्या वाटेला लागले. त्यांचे हे वळणे आम्हाला सत्याग्रहाइतकेच मोठे वाटते.

स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून गेले. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ पासूनच कायदेमंडळात विधेयक आणून लढा चालवला होता. कोकणातील खोती नष्ट करण्याचा प्रश्नही याच काळात ऐरणीवर आला. पुढे पक्षाचे रूपांतर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनमध्ये झाले. या वर्षांबद्दल आम्ही येथे विस्ताराने लिहीत नाही. निवडणुका, परिषदा आणि दौरे यांचाच तो काळ होता. वतने अखेर १९५८ च्या कायद्याने गेली. पण जमीन पुन्हा नावावर करून घ्यायची तर सरकारात ठरावीक रक्कम भरावी लागे, आणि वतनदार महाराकडे ती कोठून येणार? वेठ गेली, हे खरे. पण जमीन सगळ्यांच्या हाती राहिली नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि अवघ्या आठ आठवड्यांत, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतरच्या पोरक्या महिन्यांत १९५७ ची निवडणूक आली. दादासाहेब संयुक्त महाराष्ट्र समितीच्या साथीने नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपूर येथे रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली.

त्यानंतर जे घडले ते लिहिताना आमची लेखणी अडखळते, पण ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दोन वर्षांच्या आत पक्ष फुटला. बॅरिस्टर, वकील, पदवीधर अशा मंडळींतील एका गटाला दादासाहेबांचे नेतृत्व मान्य नव्हते. त्यांचे शिक्षण बेताचे, पोशाख धोतराचा, भाषा खेड्यातली. शिवाय ते डाव्या पक्षांबरोबर जमिनीचे लढे करतात, असा आक्षेप. बी. सी. कांबळे यांच्या बाजूने स्वतःस दुरुस्त म्हटले, आणि मग लोकांनी दुसऱ्या बाजूस नादुरुस्त म्हणावयास सुरुवात केली. धोतरवाले आणि पाटलूणवाले अशीही विभागणी बोलली गेली. आक्षेप घेणारे सारेच स्वार्थी होते असे आम्ही म्हणणार नाही. घटनेच्या चौकटीत राहून पक्ष बांधावा, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यात तथ्यही होते. पण ज्या वसतिगृहांनी आमच्या माणसांना पाटलूण घालायला शिकवले, ती वसतिगृहे उभारण्यात धोतरवाल्यांचे हात होते, हे त्या वेळी विसरले गेले. आमच्यासारख्या वसतिगृहात वाढलेल्यांनी हे प्रकरण दोनदा वाचावे.

बाबासाहेबांनी आग्र्यात १९५६ च्या मार्चमध्ये शिकलेल्या वर्गाविषयी निराशा आणि खेड्यातील भूमिहीनांविषयी तळमळ बोलून दाखवली होती. दादासाहेबांनी ती तळमळ पक्षाचा कार्यक्रम बनवली. १९५९ मध्ये नाशिक, खानदेश, अहमदनगर आणि मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला; पडीक आणि गायरान जमिनी कसणाऱ्यांच्या नावे कराव्यात ही मागणी. लोक नांगर घेऊन पडीकात उतरले आणि हजारोंनी तुरुंगात गेले. आमच्या पालकांपैकी काहींच्या घरी त्या तुरुंगवासाच्या आठवणी अजून सांगितल्या जातात.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा, १९६० मध्ये, यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने बौद्ध झालेल्यांना शिक्षणाच्या व अन्य सवलती राज्यापुरत्या चालू केल्या. त्यामागे दादासाहेबांसह अनेकांचा पाठपुरावा होता. आमच्या संस्थेतील कित्येक मुलांच्या आजोबांचे शिक्षण त्या सवलतींवर झाले. केंद्राच्या सवलती मात्र मिळत नव्हत्या. धर्म बदलला म्हणून माणसाची गरिबी बदलत नाही, ही साधी गोष्ट दिल्लीला पटायला पुढे तीस वर्षे लागली.

१९६२ मध्ये दादासाहेब राज्यसभेवर गेले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षाचा मोर्चा संसदेवर गेला आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद देण्यात आली. कसेल त्याला जमीन, पडीक जमीन भूमिहीनांना, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, धान्याचे रास्त वाटप, झोपडपट्टीवासीयांची सोय, राखीव नोकऱ्यांची भरती, बौद्धांना सवलती, आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र. मागण्यांचा हा क्रम पाहिला म्हणजे हा एका जातीचा लढा नव्हता, हे कळते. ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह सुरू झाला. तीन लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेल्याचे सांगितले जाते. दादासाहेबांच्या पत्नी सीताबाई यांनी स्त्रियांच्या तुकड्यांबरोबर या लढ्यात भाग घेतला. कडेवरची मुले घेऊन बायका तुरुंगात गेल्या. तुरुंग अपुरे पडले. अखेर सरकारने वाटाघाटी केल्या, आश्वासने दिली आणि काही ठिकाणी जमिनींचे वाटपही झाले.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात दादासाहेबांनी काँग्रेसशी युतीचा मार्ग धरला. सत्तेत वाटा मिळाल्याशिवाय गावपातळीवरचा माणूस वाचत नाही, असा त्यामागचा विचार असावा. पण तिचा फायदा पक्षापेक्षा काँग्रेसलाच अधिक झाला, रिपब्लिकन पक्ष आणखी फुटला, आणि त्या निराशेतून पुढे तरुणांच्या नव्या संघटना उभ्या राहिल्या. त्यांच्या निष्ठेबद्दल आदर ठेवूनही हा निर्णय चुकला असे आम्हाला वाटते. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी ते निवर्तले.

सनदेतील दोन मागण्या १९९० मध्ये, म्हणजे सव्वीस वर्षांनी, मान्य झाल्या : बाबासाहेबांचे तैलचित्र मध्यवर्ती सभागृहात लागले आणि बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. जमिनीची मागणी मात्र अर्धीच राहिली. त्यांच्या नावाची कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून चालू आहे; दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन तीत देता येते. पण शासनाने ठरवलेल्या दराने विकायला तयार असलेला जमीनमालक आधी सापडावा लागतो, आणि तो सहसा सापडत नाही. गायरान कसणारी कुटुंबे अजून अनेक गावांत आहेत. त्यांपैकी काहींच्या नावे सातबारा झाला; काहींच्या हाती अतिक्रमण हटवण्याच्या नोटिसा आहेत. आमच्या वसतिगृहात प्रवेश घेताना पालकाच्या व्यवसायाचा रकाना भरावा लागतो. त्यात आजही सर्वाधिक वेळा लिहिला जाणारा शब्द शेतमजुरी हाच आहे.