टाइप घासणारा मुलगा

कीबोर्डवरचं सगळ्यात मोठं बटण स्पेसबारचं. दाबलं की मोकळी जागा, विषय संपला! जावजी दादाजी चौधरींच्या काळात मात्र ही मोकळी जागासुद्धा शिशाची ओतावी लागायची.

जावजींचा जन्म १८३९चा, मुंबईतल्या गरीब घरातला. पोरवयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. काम काय, तर ओतलेले टाइप घासायचं. ऐकायला हलकं वाटतं, पण देवनागरीचं गणित इथंच असतं. टाइपाच्या कडेला जरा जास्तीचं शिसं राहिलं, की दोन अक्षरांत फट पडते आणि शिरोरेषा तुटते. इंग्रजीत ओळ भरायला अक्षरं थोडी लांब लांब बसवली तरी खपून जातं. मराठीत ती सोय नाही. ओळ दोन्ही कडांना नेमकी बसवायची, तर जो काही खेळ करायचा तो शब्दांमधल्या जागेतच. त्यासाठी कंपोझिटरच्या हाताशी वेगवेगळ्या जाडीच्या स्पेस असायच्या. त्या अक्षरापेक्षा बुटक्या, म्हणून त्यांना शाई लागायची नाही.

आणखी काही छापखान्यांत अनुभव घेऊन जावजींनी १८६४ मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. अक्षरं कोरायला राणूजी रावजी आरूंसारखा कसबी माणूस सोबत होता. १८८६ पासून ‘काव्यमाला’तून जुनं संस्कृत साहित्य छापून येऊ लागलं. संस्कृतात समास लांबलचक, त्यामुळे ओळीत शब्दांमधल्या जागाच मोजक्या. तरीही पान देखणं हवं! निर्णयसागरचं नाव झालं ते अशाच कामातून. १८९२ मध्ये जावजी गेले, तेव्हा टाइप घासणाऱ्या त्या मुलाची अक्षरं नावाजलेली होती.

आता शिसं गेलं, पण त्या स्पेस राहिल्या. एम, एन, थिन, हेअर अशा नावांनी त्या युनिकोडमध्ये आहेत, प्रत्येकीचा कोड वेगळा. त्यात भर नो-ब्रेक स्पेसची. ती ‘रु.’ एका ओळीत आणि ‘५००’ खालच्या ओळीत, असं होऊ देत नाही. पनवेलजवळच्या नेऱ्यात घरी बसून कॉलेजच्या मासिकाचं पान लावणाऱ्यालाही हे सगळं एका क्लिकवर मिळतं. फक्त ओळ भरत नाही म्हणून अक्षरांमधलं अंतर ताणू नका. शिरोरेषा आजही तुटते, आणि टाइप घासले जायचे ते तेवढ्यासाठीच.