दुसरे जिम कॉर्बेट

जिम कॉर्बेट म्हटलं की आपल्याला नरभक्षक वाघांचा शिकारी आठवतो. आम्ही सांगतोय ते दुसरे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात गुरं-शेळ्या पाळणारे, हार्वर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकलेले, संधिवातानं हातपाय वाकडे झालेले. जन्म १९३३ चा. ते क्वेकर होते, म्हणजे शांत बसून उपासना करणाऱ्या आणि युद्धाला नकार देणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे.

१९८१ च्या मे महिन्यात त्यांच्या एका मित्रानं एल साल्वादोरच्या एका माणसाला रस्त्यात गाडीत घेतलं आणि पुढच्या नाक्यावर सीमा पोलिसांनी त्या माणसाला पकडलं. त्याच्या देशात यादवी चालू होती. लष्कर आणि मारेकरी टोळ्या माणसं उचलून नेत होत्या, आणि त्याच सरकारला अमेरिका पैसा व शस्त्रं देत होती. परत पाठवणं म्हणजे मरायला पाठवणं, हे कॉर्बेट यांना कळत होतं. त्यांनी सीमा पोलिसांना फोन लावून नाव सांगितलं. टक्सन शहराच्या एका माजी महापौरांचं नावही तेच, म्हणून अधिकाऱ्यानं मुकाट्यानं माहिती दिली. नावानं दारं कशी उघडतात आणि बंद होतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

ते नोगालेसच्या तुरुंगात गेले. कैद्यानं जी-२८ नावाच्या फॉर्मवर सही केली की त्याच्या वतीनं बोलायला प्रतिनिधी मिळतो. तिथं साल्वादोरचे आणखी कैदी भेटले आणि फॉर्म कमी पडले. ते आणायला गेले तर कार्यालयात ताटकळत ठेवलं गेलं. परत येईपर्यंत माणसं तिथून हलवलेली होती. अर्ज भरून देण्याचं काम आम्हीही करतो, म्हणून हा प्रसंग आम्हाला सोडत नाही. हक्क कायद्यात होता, फॉर्म हातात नव्हता.

जिवाच्या भीतीनं आलेल्याला शरण मागता येते, असं अमेरिकेचा १९८० चा कायदाच सांगत होता. त्याच्या भरवशावर टक्सनच्या लोकांनी जामिनासाठी पैसे उभे केले, काहींनी घरं तारण ठेवली. पण साल्वादोरच्या लोकांचे शंभरातले तीनसुद्धा अर्ज मंजूर होत नव्हते. मग कॉर्बेट वाळवंटातल्या वाटांनी स्वतःच माणसं आणू लागले, घरात ठेवू लागले. घर पुरेना, म्हणून त्यांनी चर्चला विचारलं. २४ मार्च १९८२ रोजी, आर्चबिशप रोमेरो यांच्या हत्येला दोन वर्षं होत असताना, टक्सनच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चनं पाद्री जॉन फाइफ यांच्या पुढाकारानं निर्वासितांना जाहीर आश्रय दिला. सरकारला तसं आधीच लिहून कळवलं होतं. पुढं शेकडो चर्च आणि ज्यूंची सिनेगॉग या कामात उतरली.

हा कायदेभंग आहे, हे कॉर्बेट यांना मान्य नव्हतं. कायदा सरकार मोडतंय, आम्ही पाळतोय, ही त्यांची भूमिका. संविधान हातात घेऊन लढणाऱ्यांना ती परकी वाटू नये.

सरकारनं प्रार्थनासभांत खबरे घुसवून खटला भरला. शरणागतीचा कायदा आणि साल्वादोरमधली परिस्थिती ज्युरीपुढं येऊ दिली नाही. १९८६ मध्ये आठ जण दोषी ठरले, पण तुरुंगवास कुणालाच झाला नाही. कॉर्बेट निर्दोष सुटले.

धार्मिक संस्थांनीच केलेल्या दुसऱ्या दाव्यात १९९१ साली तडजोड झाली. साल्वादोर आणि ग्वाटेमालाच्या लोकांचे अर्ज नव्यानं ऐकायचे ठरलं, त्यांना डांबून ठेवण्यावरही मर्यादा आल्या. नोगालेसहून माणसं हलवली गेली त्याला तेव्हा दहा वर्षं होत आली होती.

कॉर्बेट पुन्हा गुरांकडे वळले. २००१ मध्ये ॲरिझोनातच वारले.